पेटीवर स्वरमेळ : एकदम दाबावा की एकेक स्वर छेडावा?

उपासनेत पेटी वाजविणाऱ्या उपदेशकांसाठी व मंडळीतील तरुणांसाठी आजचा पाठ लिहिला आहे. ज्यांस पेटी येत नाही, परंतु भजन येते, त्यांनीही तो वाचावा; कारण पेटीवाल्याच्या चुकीचा भार शेवटी गाणाऱ्यांच्या गळ्यावरच पडतो.

प्रथम माझी स्वतःची एक चूक सांगतो. नगराहून सोलापुरास जाणाऱ्या रस्त्यावर, कर्जत तालुक्यात, मिरजगाव आहे. त्या बाजूच्या एका लहान मंडळीत मी तरुणपणी उपासना चालवीत असे. तेथे एक वृद्ध बाई होत्या. त्यांस अक्षरओळख नव्हती, परंतु चाळीस-पन्नास भजने त्यांस मुखोद्गत होती. बाकीच्या बाया त्यांच्या मागे बसत. त्यांनी सूर उचलला की सगळ्या उचलीत. पेटी नसतानाही त्या मंडळीचे गायन चांगले चालले होते, हे मला आज कबूल केले पाहिजे. मी मात्र शहरात काही महिने राहून तीन बोटांनी एकदम तीन स्वर दाबण्याची विद्या शिकून आलो होतो आणि ती दाखविण्याची मला मोठी हौस होती. भजनाच्या प्रत्येक ओळीखाली मी सा, ग, प हे स्वर दणक्यात दाबू लागलो. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी माझ्या ध्यानात आले की, माझी पेटी व पुढे बसलेली तीन पोरे एवढीच गात आहेत. बाया ओठ हालवीत आहेत, पण आवाज नाही. उपासना संपल्यावर मी त्या आजीबाईंस विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमच्या पेटीतनं तिघं जण एकदम बोलत्यात. म्या कुणाचं ऐकावं?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे ते थोडे थोडे समजले, तेच येथे मांडतो.

सा, ग व प हे तीन स्वर एकाच वेळी वाजविले म्हणजे त्यांचा एक भरीव नाद होतो. त्यास पाश्चात्य संगीतात कॉर्ड म्हणतात. आपण स्वरमेळ म्हणू. हेच स्वर एकदम न वाजविता खालून वर, अथवा वरून खाली, एकामागून एक वाजविले म्हणजे त्यास आर्पेज्जो असे नाव आहे. हा शब्द इटालियन भाषेतील आहे. आर्पा म्हणजे हार्प नावाचे पुष्कळ तारांचे वाद्य. त्याच्या तारांवरून वादकाची बोटे जशी एकामागून एक फिरतात तशी ही वाजविण्याची रीत, म्हणून ते नाव. आपल्या मराठी शास्त्रात दावीद शौलापुढे वीणा वाजवीत असे म्हणून सांगितले आहे, तीही तारांची व हाताने वाजविण्याची होती. आपल्या भाषेत तारेवर बोट फिरविण्यास छेडणे हा चांगला शब्द आहेच. तेव्हा या पाठात आपण दाबलेला स्वरमेळ व छेडलेला स्वरमेळ असे दोन शब्द वापरू.

कोणी म्हणेल की ही परदेशी गोष्ट आहे, हिचा आमच्या भजनाशी काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. तंबोरा वाजताना कधी जवळ बसून ऐकला असेल, तर आठवा. त्याच्या चार तारा असतात. पहिली बहुधा मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या म्हणजे मध्य षड्जाच्या, आणि शेवटची खर्जाची. वादक त्या चारही तारांवर एकदम हात मारीत नाही. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज अशा क्रमाने तो एकेक तार सोडतो, आणि आधीच्या तारेचा नाद विरण्यापूर्वी पुढची तार बोलते. म्हणजे आपला गवई शेकडो वर्षे छेडलेल्या नादावरच गात आला आहे. त्यातही एक चमत्कारिक गोष्ट अशी की, तंबोऱ्यास गंधाराची तार नसते, तरी चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून गंधार स्पष्ट ऐकू येतो. कोणतीही तार कंप पावू लागली म्हणजे ती आपल्या मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपांचे सूक्ष्म स्वरही काढते. खर्जाच्या तारेचा तिप्पट कंपांचा स्वर पंचम होतो व पाचपट कंपांचा स्वर गंधार होतो. घोडीवर दोऱ्याचा तुकडा सरकवून जवारी साधली म्हणजे हे सूक्ष्म स्वर उठून येतात. तात्पर्य, सा, ग, प हा स्वरमेळ विलायतेत कोणी रचण्यापूर्वीच खर्जाच्या एका तारेच्या पोटात होता.

येथे थोडे विषयांतर करतो. मिरजगावचे नाव सांगितले की बाहेरचे लोक विचारतात, "म्हणजे तंबोऱ्याचे मिरज का?" नव्हे. ते मिरज सांगली जिल्ह्यात आहे. आपल्या मिरजगावाहून पुष्कळ लांब. त्या मिरजेत सतार व तंबोरे करणाऱ्यांची घराणी आहेत, आणि तेथील या दोन वाद्यांस २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) तेथेच स्थायिक झाले होते. आपल्या गावाकडून तंबोऱ्याकडे जाणारा एक धागा मात्र आहे. आपल्या रस्त्याने करमाळ्यावरून पुढे भीमेकडे गेले म्हणजे पंढरपूरच्या आसपासचा जो मुलूख लागतो, तेथे पिकणारे मोठे भोपळे मिरजेचे कारागीर तंबोऱ्यास घेतात. असो.

आता पेटीकडे वळू. पेटी हे मूळचे युरोपातील वाद्य. पॅरिसच्या दबें नावाच्या कारागिराने १८४० च्या सुमारास त्यास हार्मोनियम हे नाव दिले. ते वाद्य पायाने भाता हालवून वाजवावयाचे होते, म्हणून वाजविणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहत. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून हाताने भाता मारण्याची पेटी तयार केली, आणि तीच गावोगाव पसरली. या फरकाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. परंतु आपल्या पाठाचे अर्धे मर्म त्यात आहे. हातपेटी वाजविणाऱ्याचा डावा हात भात्यावर गुंतलेला असतो. उरला एक उजवा हात. त्यानेच चाल वाजवावयाची आणि त्यानेच स्वरमेळ दाबावयाचा म्हटले, तर दोहोंपैकी एकाची उपासमार होणारच. दोन हातांसाठी लिहिलेली पुस्तके वाचून एका हाताने वाजविण्याचा हट्ट आपण करतो, आणि चाल तुटते.

दुसरी अडचण वाऱ्याची. एक पट्टी दाबली असता जेवढी हवा खर्च होते तिच्या जवळजवळ तिप्पट हवा तीन पट्ट्या दाबल्या असता होते. खेड्यांतल्या पेट्यांचे भाते बहुधा जुने, कोपऱ्यांत फाटलेले, कागद चिकटवून चालविलेले असतात. तीन स्वर दाबताच आवाज खचतो, मग वाजविणारा जोराने भाता मारतो, मग आवाज एकदम उसळतो. हा चढउतार गाण्यात मुळीच नसतो. तो भात्याचा दम्याचा विकार आहे. कपलर लावलेला असेल तर विचारूच नका, कारण तेव्हा तीन पट्ट्यांचे सहा स्वर होतात. स्वरमेळ वाजविताना कपलर बंद ठेवावा, हा नियम लिहून ठेवण्यासारखा आहे.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, आणि आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. ती थोडी हिशेबाची आहे, पण कठीण नाही. हिशेबाच्या सोयीकरिता षड्ज एका सेकंदास २४० कंपांचा धरू. जुन्या संगीताच्या पुस्तकांतही तसाच धरीत असत. मग तंबोऱ्यातून निघणारा शुद्ध गंधार ३०० कंपांचा व पंचम ३६० चा येतो. पेटीच्या पट्ट्या मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून लावलेल्या असतात, म्हणजे कोणत्याही पट्टीपासून षड्ज धरता यावा. या सोयीची किंमत द्यावी लागते. पेटीचा पंचम ३५९.६ म्हणजे जवळजवळ बरोबर येतो. परंतु गंधार ३०२.४ येतो, म्हणजे चढा. हा फरक दिसावयास लहान आहे. पण पेटीच्या पातीतूनही तारेप्रमाणेच सूक्ष्म स्वर निघतात, आणि पुष्कळ निघतात. षड्जाचा पाचपट स्वर १२०० कंपांचा. शुद्ध गंधाराचा चौपट स्वरही १२०० चाच. म्हणून ते दोन एकमेकांत विरघळून जातात. पेटीच्या गंधाराचा चौपट स्वर मात्र सुमारे १२०९.५ येतो. बाराशे व बाराशे साडेनऊ हे एकदम वाजले म्हणजे आवाज सेकंदास नऊ-साडेनऊ वेळा थरथरतो. पेटीवर सा व ग दाबून धरा आणि कान जवळ न्या. ही थरथर तुम्हांस ऐकू येईल. मग ग सोडून सा व प धरा. थरथर जवळजवळ नाहीशी होते.

ही थरथर पियानोवर एवढी का खटकत नाही? कारण पियानोचा स्वर वाजताच विरू लागतो. पेटीचा स्वर पट्टी दाबलेली आहे व भात्यात वारा आहे तोपर्यंत तसाच उभा राहतो. त्या उभ्या थरथरीत, ज्या बाईने जन्मभर जात्यावर शुद्ध गंधार गायिला तिला आपला गंधार कोठे लावावा हे कळत नाही. तिचा कान खोटा नाही, तो आपल्या पेटीहून खरा आहे.

पेटीवरील हा आक्षेप आजचा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक लिहिले, आणि त्यांनी व क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मिळून श्रुतींची खास पेटी करविली. १९१६ साली बडोद्यास भरलेल्या संगीत परिषदेत तिच्यावर मोठा वाद झाला. पुढे १९४० साली ऑल इंडिया रेडिओने आपल्या कार्यक्रमांतून पेटी वर्ज्य केली, ती सुमारे तीस वर्षे वर्ज्य राहिली. मला इतकी शिक्षा योग्य वाटत नाही. पेटी स्वस्त आहे, उन्हापावसात टिकते, बैलगाडीतून नेली तरी तिचे सूर उतरत नाहीत, आणि ज्या उपदेशकास महिन्यात पाच वाड्या फिरावयाच्या आहेत त्याने तंबोरा कोठे वागवावा? पेटी राहू द्यावी, मात्र ती तंबोऱ्याकडून शिकलेली असावी.

म्हणून माझा सल्ला असा : आपल्या भजनांत स्वरमेळ दाबू नये, छेडावा. तोही ओळ चालू असताना छेडू नये. ओळ संपून मंडळी श्वास घेते त्या जागी छेडावा. ओळ चालू असताना चालच वाजवावी, एकेरी, मंडळीच्या आवाजाहून हळू.

ही श्वासाची जागा आपल्या भजनात आयतीच मिळते. पुढारी एक ओळ म्हणतो, मागून मंडळी तीच ओळ म्हणते. दोहोंमध्ये दोन, तीन, कधी चार मात्रा रिकाम्या असतात. त्या मात्रांत गाणाऱ्यांचे सर्व लक्ष एकाच गोष्टीकडे असते : आता कोठून उचलावयाचे? तेव्हा तीन स्वर एकदम दाबून "यांतून निवडा" म्हणण्यापेक्षा एकेक स्वर वाजवून ज्या स्वरावर पुढची ओळ सुरू होते त्या स्वरावर येऊन थांबावे. ओळ तार षड्जावर सुरू होत असेल तर

सा ग प सां

असे वर जावे. पंचमावर सुरू होत असेल तर

सा ग सां प

असे वाजवावे, म्हणजे शेवटचा पंचम कानात राहतो. गंधारावर सुरू होत असेल तर

सा प सां ग

असे वाजवून शेवटच्या गंधारावर पट्टी दाबून न धरता लगेच सोडावी. मंडळी आपला गंधार आपण लावील. प्रत्येक पट्टी पुढची दाबताच सोडावी. सोडली नाही तर छेडलेला स्वरमेळ पुन्हा दाबलेला होतो. धरावयाचेच असेल तर फक्त सा व प धरावे, ते निर्मळ आहेत.

मी हे करून पाहिले तेव्हा पहिल्याच दिवशी बाया गाऊ लागल्या असे सांगितले तर ते खोटे होईल. दोन-तीन आठवडे त्या माझ्या पेटीकडे संशयानेच पाहत होत्या. पुढे एका रविवारी आजीबाई ओळीच्या शेवटी पेटीकडे मान वळवून थांबल्या, चार स्वर ऐकले आणि मग उचलले. तेवढे मला पुरे झाले.

आता बोटांविषयी. ज्यांस येते त्यांनी हा भाग सोडून पुढे वाचावे. पांढरी एकचा षड्ज धरला तर गंधार पांढरी तीन व पंचम पांढरी पाच येतो. अंगठा, तर्जनी, मध्यमा व वरच्या षड्जावर करंगळी, असा क्रम ठेवावा. पांढरी दोनचा षड्ज असेल तर गंधार काळी तीन व पंचम पांढरी सहा; बोटे तीच. काळी एकचा षड्ज पुष्कळ पुरुषांच्या गळ्यास बसतो. तेथे गंधार पांढरी चार व पंचम काळी चार. या ठिकाणी अंगठ्याने सुरुवात केली तर हात वाकडा होतो. काळी एकवर तर्जनी, मग पांढरी चारवर अंगठा खालून आणावा, काळी चारवर पुन्हा तर्जनी आणि वरच्या काळी एकवर अनामिका. प्रथम हे अवघड वाटते. रोज पाव तास, भाता अगदी हळू हालवून, आठ दिवस केले म्हणजे हात आपोआप जातो. घाई केली की अंगठा आपटतो आणि ती पट्टी इतरांहून मोठी बोलते. ही खोड लागल्यावर जाता जात नाही, मला अनुभव आहे.

तालाचा विचार असा. केरवा किंवा भजनी ठेक्याच्या आठ मात्रांत, मधले वादन लांबवावयाचे असल्यास,

सा प ग प | सा प ग प

हा क्रम चांगला बसतो : खालचा, वरचा, मधला, वरचा. युरोपात या क्रमास अठराव्या शतकातील अल्बेर्ती नावाच्या इटालियन वादकाचे नाव पडले आहे. सहा मात्रांच्या दादऱ्यात

सा ग प | सां प ग

असे चढून उतरावे. ढोलकी किंवा तबला वाजविणारा सोबत असेल तर समेवर षड्ज आला पाहिजे, एवढे पाहावे. बाकी तो सांभाळून घेतो.

चालीचे अंग ओळखल्याशिवाय मात्र हे करू नये. भूपाच्या अंगाने जाणाऱ्या चालीत सा, ग, प बिनधोक चालतात, परंतु तेथे मध्यम वर्ज्य आहे. म्हणून म, ध, सां असा स्वरमेळ छेडला की चाल तत्क्षणी परकी होते. दुर्गेच्या चालीत गंधारच नाही. तेथे सा, प, सां एवढ्यावर समाधान मानावे. भैरवीत गंधार कोमल घ्यावा. पांढरी एकच्या षड्जापासून तो काळी दोन होय. मालकंसात पंचम वर्ज्य आहे, तेव्हा तंबोऱ्यावर पंचमाची तार मध्यमात मिळवितात, तसेच पेटीवर सा, म, सां छेडावे. शंका आली तर काही न छेडता नुसता षड्ज वाजवावा. रिकाम्या जागेत षड्ज वाजल्याने आजवर कोणतेही भजन बिघडलेले नाही.

हा विचार करणे आपल्या मंडळ्यांस विशेष जरूर आहे, कारण आपल्या गीतांच्या पुस्तकांत दोन कुळांची गीते शेजारी शेजारी बसलेली असतात. एक देशी चालींची, दुसरी विलायती चालींची. देशी चाल ही आपल्या नगरची खरी कमाई आहे. कृष्णा रत्नाजी सांगळे (१८३४–१९०८) यांनी मराठी चालींवर ख्रिस्ती गीते रचिली. त्यांच्या एका गीताचे इंग्रजी रूपांतर परदेशी गीतसंग्रहांत त्याच देशी चालीवर छापलेले सापडते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) पुष्कळ वर्षे नगरास होते. अभंगाची व भजनाची वाट त्यांनी आपणांस केवढी रुंद करून दिली हे सांगावयास नको. या चाली एका षड्जाच्या आधारावर उभ्या आहेत. त्यांच्याखाली ओळीओळीस निरनिराळे स्वरमेळ बदलीत जाणे म्हणजे तुळस काढून तिच्या वृंदावनात गुलाब लावण्यासारखे आहे. गुलाब वाईट नाही, पण वृंदावन त्यासाठी बांधलेले नव्हते.

विलायती चालीचे तसे नाही. ती चार आवाजांसाठी रचलेली असते आणि स्वरमेळ बदलल्याशिवाय ती उघडी पडते. तेथे तीन स्वरमेळ शिकून घ्यावे : षड्जाचा, मध्यमाचा व पंचमाचा. हात फार उड्या मारू नये म्हणून ते असे जवळ जवळ बसवावे :

सा ग प
सा म ध
ऩी रे प

पहिल्याहून दुसऱ्यावर जाताना षड्ज जागच्या जागी राहतो, आणि पहिल्याहून तिसऱ्यावर जाताना पंचम राहतो. परंतु येथेही एका हाताच्या पेटीवर दाबण्यापेक्षा छेडणेच बरे, आणि त्यास आधार आहे. नाताळात जगभर गायिले जाणारे "शांत रात्री"चे गीत प्रथम कसे म्हटले गेले ते पाहा. शब्द योसेफ मोर या तरुण पाळकाचे. चाल फ्रान्त्स ग्रूबर याची. तो जवळच्या गावचा शाळामास्तर होता. २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या नदीकाठच्या गावी ते दोघांनी मिळून गायिले, आणि साथीस होती एक गिटार. देवळातला ऑर्गन उंदरांनी कुरतडला होता म्हणून गिटार घेतली, ही गोष्ट नाताळात पुष्कळ ठिकाणी सांगतात. ती मागाहून जोडलेली आहे. गिटारीच्या तारा बोटांनी एकेक छेडल्या जातात. त्या गीताचा ताल आपल्या दादऱ्यासारखा सहाचा आहे; सा ग प, सां प ग हा वर दिलेला क्रम त्याखाली वाजवून पाहा, किती सहज बसतो! पुढे मोठमोठ्या वाद्यवृंदांनी ते वाजविले, परंतु जन्मतः ते एका मास्तराचे, एका पाळकाचे व सहा तारांचे गीत आहे. योहान सेबास्टियन बाख हा तर देवळातील ऑर्गनचा महान वादक. पण त्याच्या १७२२ च्या संग्रहातील पहिली रचना जवळजवळ सगळी छेडलेल्या स्वरमेळांचीच आहे. दाबण्याचे सामर्थ्य असताना त्याने छेडणे पत्करिले.

हल्ली काही मंडळ्यांत पेटीच्या जागी विजेचा कीबोर्ड आला आहे. त्यात तीन पट्ट्या दाबल्या की यंत्र आपण होऊन स्वरमेळ छेडू लागते, ढोलही वाजविते. तरुणांस ते फार आवडते. मी त्याची निंदा करीत नाही. नाताळच्या कार्यक्रमात मुलांनी जरूर वाजवावे. पण ते यंत्र श्वास घेत नाही. आपल्या मंडळीत कोणी ऐंशी वर्षांचा असतो, कोणी दिवसभर कांदे काढून आलेली असते. ओळीच्या शेवटी ते अर्धी मात्रा अधिक थांबतात. यंत्र थांबत नाही, पुढे निघून जाते, आणि मंडळी त्याच्या मागे धावते किंवा गाणे सोडून देते. उपासनेत त्याचे आपोआप वाजणे बंद करून साध्या आवाजावर, आपल्या बोटांनी, वर सांगितल्याप्रमाणे छेडावे. यंत्राची पट्टीही बाराच सारख्या भागांची असते. गंधाराचा दोष तेथेही आहेच.

शेवटी पट्टी धरण्याविषयी. पेटीवाला आपल्यास सोयीची पट्टी धरतो, म्हणजे बहुधा पांढरी एक, आणि मंडळीस तीत ओढतो. याचा परिणाम असा होतो की पुरुषांस वर पोहोचत नाही किंवा बायांस खाली उतरवत नाही. उलट करून पाहावे. पेटी मिटलेली ठेवून जी बाई किंवा जो बुवा भजन उचलतो त्यास आधी एक ओळ म्हणू द्यावी. ती चालू असता हळूच एकेक पट्टी दाबून त्यांचा षड्ज शोधावा. सापडला की लगेच वाजवू लागू नये. ओळ संपण्याची वाट पाहावी आणि श्वासाच्या जागी त्याच षड्जापासून छेडावे. बायांनी उचललेले भजन पुष्कळदा काळी चारवर निघते. तेथे गंधार वरच्या सप्तकाची पांढरी एक व पंचम काळी दोन. बोटे काळी एकप्रमाणेच : तर्जनी, अंगठा, तर्जनी, अनामिका.